राळ्याचा चेंडू

"हात परका समजावा, म्हणजे दुखत नाही."

कसबा पेठेतली गोजरा कासारीण हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायची. नवरीला म्हणायची, डोहाळकरणीला म्हणायची, सणाला माहेरी आलेल्या लेकीला म्हणायची. ऐकणारीच्या डोळ्यांत त्या घटकेला पाणी असायचं आणि गोजराच्या तोंडात सुपारी. बांगडी मनगटावर जाऊन बसली की ती सुपारी या गालातून त्या गालात जायची, आणि पुढची बांगडी यायची.

तीस वर्षं तिने पुण्याचे हात भरले. पानिपताच्या साली शहरातल्या कित्येक वाड्यांतून कासारणीला बोलावणं आलं नाही. तेव्हाही ती टोपली घेऊन रोज एक फेरी मारून यायची. "ज्यांचे हात उघडे झाले त्यांना लेकी आहेत की," असं म्हणायची. ते खोटं नव्हतं. पण त्या साली ते तोंडातून काढायला कासारणीचीच जीभ लागत होती, आणि ती गोजराची होती.

बांगडी कुठे अडते? कुणालाही विचारा, तो अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवील. गोजराला विचारलं असतं तर तिने बाईच्या कपाळाकडे बोट दाखवलं असतं. घाबरलेली बाई मूठ वळते. मूठ वळली की हाताची हाडं पसरतात, आणि काच हाडाचं ऐकत नाही. म्हणून तिने एक युक्ती काढली होती. तिच्या टोपलीत बांगड्यांच्या माळांशेजारी एक चेंडू असायचा. जुन्या लुगड्याच्या मऊ पदराचा, लहान बेलफळाएवढा. आत वाटीभर राळे. राळे म्हणजे मोहरीएवढ्या पिवळ्या दाण्यांचं धान्य. मुठीत दाबलं की दाणे एकमेकांवरून सरकतात, बारीक कुरकुरतात, आणि सोडलं की बोटांना हळूच परत लोटतात. उजवा हात भरायचा असला की ती चेंडू डाव्या हातात द्यायची.

"दाबा. सोडा. दाबा. माझ्याकडे बघू नका, चेंडूकडे बघा."

माणसाचा जीव एका वेळी एकाच मुठीत राहतो, असं तिचं म्हणणं. बाईचा जीव त्या मुठीत गेला की हा हात पाण्यातल्या कापडासारखा मऊ पडायचा. मग गोजरा अंगठ्याच्या एका दाबात त्याची हाडं मिटवायची आणि बांगडी वर चढवायची. इतकी घट्ट, की फोडल्याशिवाय उतरू नये. पुण्यातल्या बायकांना ते आवडायचं. सैल बांगडी कुणालाही भरता येते.

आप्पासाहेबांचा वाडा सदाशिव पेठेत होता. तिथली थोरली सून मंदाकिनी एकदा हात भरून झाले तरी चेंडू सोडीना. सासू समोरच बसलेली. मंदाकिनी आपली दाबते आहे, सोडते आहे, आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरते आहे.

"बाई, चेंडू द्या परत," गोजरा म्हणाली.

"राहू दे की दोन दिवस. बरं वाटतं."

"बरं वाटायला नाही तो, बांगडी भरायला आहे. आणि ज्यांच्यामुळे दाबता, त्या कुठे दोन दिवसांनी जाणार आहेत?"

सासूसकट सगळी ओसरी हसली. मंदाकिनीने चेंडू टोपलीत टाकला, आणि पुन्हा कधी मागितला नाही.

घरी दुसरा चेंडू होता. तो गोजराच्या सुनेचा.

म्हाळसा बाराव्या वर्षी सासवडाहून नांदायला आली, आणि आल्या दिवशीच तो चेंडू तिच्या हातात आला. रोज पाचशे दाब उजव्या हाताने, पाचशे डाव्या. मोजायला चिंचोके. दहा दाब झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पहिली वाटी रिकामी झाल्याशिवाय भाकरी नाही. दाब नीट बसला नाही असं वाटलं, तर गोजरा त्या वाटीतला चिंचोका उचलून या वाटीत परत टाकायची. कासारणीच्या अंगठ्यात बळ लागतं, यात खोटं काही नव्हतं. शिकवायची रीत मात्र गोजराची स्वतःची होती.

"काल बरी दाबत होतीस. आज काय झालं? हात आहे का शेणाचा गोळा?"

"काल चेंडू सैल होता, आत्याबाई."

"चेंडू तोच आहे. तूच ती राहिली नाहीस."

चेंडू तोच नसायचा. दर सोमवारी म्हाळसा धुणं घेऊन नदीवर गेली की गोजरा त्याची शिवण उसवायची, चिमूटभर राळे आत कोंबायची आणि पुन्हा शिवून कोनाड्यात ठेवायची. सुनेचं बळ वाढावं म्हणून. ते वाढलंही. पण पोरीला वाटायचं, आपण दिवसेंदिवस नेभळट होत चाललो आहोत. पहिल्या वर्षी तिच्या नखांच्या कडांतून रक्त यायचं. ते पदराला पुसून ती पुढचा दाब द्यायची.

त्या दिवाळीला तिचा बाप तिला न्यायला आला. निम्मे चिंचोके बाकी होते. गोजराने त्याला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं, आणि म्हणाली, "व्याही, काम अर्धं टाकून उठायची सवय तुमच्याकडे असेल. तिचं संपलं की न्या." ती सोमवारची दुपार होती आणि चेंडू सकाळीच भरलेला होता. म्हाळसा आत बसून दाबत होती आणि बाप बाहेर बसून त्या दाण्यांची कुरकुर ऐकत होता. दर थोड्या वेळाने एक चिंचोका परत यायचा. शेवटी उजेडी घाट चढायचा म्हणून तो उठला. दाराशी येऊन त्याने लेकीकडे पाहिलं, पागोटं सारखं केलं आणि गेला. त्याच पौषात तो वारला.

तीन वर्षं म्हाळसाला चेंडूचं गुपित कळलं नाही. कळलं ते सासऱ्याकडून. भैरू कासार गुडघ्यांनी अधू होता. दिवसभर ओट्यावर बसायचा आणि कशालाही हसायचा. मुलगा मच्छिंद्र बैलावर बांगड्या लादून जुन्नराकडच्या जत्रा फिरायचा, तेव्हा बोलायला भैरूला सूनच सापडायची.

"तुला ठाऊक नाही होय?" तो म्हणाला. "अगं, दर सोमवारी ती भरते तो. माझ्या देखत भरते." आणि पोट धरून हसला.

म्हाळसाही हसल्यासारखं हसली. सासूला तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चेंडू घेऊन बसली, आणि चिंचोके मोजत राहिली.

अकरा वर्षं अशी गेली. म्हाळसा दोन बोटांत धरून बदाम फोडू लागली, तरी वाड्यांत जाताना ती टोपली डोक्यावर घेऊन सासूच्या पाच पावलं मागे चालायची. तिने भरायचे ते मोलकरणींचे हात. ओसरीवरचे हात गोजराचे.

मग एका हिवाळ्यात गोजराच्या उजव्या अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या. सकाळी मूठ मिटलेली असायची, आणि ती उघडायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागायची. ते ती भिंतीकडे तोंड करून करायची. त्याच महिन्यात आप्पासाहेबांच्या वाड्यातून निरोप आला. धाकट्या लेकीचं लग्न माघात आहे, नवरीचा चुडा गोजराने भरायला यावं.

चुडा भरून झाला की नवरी कासारणीला वाकून नमस्कार करते. एवढ्या मोठ्या घरची लेक कासारणीपुढे वाकते ती आयुष्यात तेवढीच. आणि त्या वाड्याचा रिवाज असा, की नवरी जिच्या पाया पडली, तीच पुढे त्या घरातल्या साऱ्या बायकांचे हात भरणार. दुसरी कुणी ओसरी चढायची नाही. गोजराच्या सासूपुढे त्या वाड्याच्या दोन लेकी वाकल्या होत्या. गोजरापुढे तीन. ती कसब्यातून मान वर करून चालायची ती या पाच नमस्कारांच्या बळावर.

"या खेपेला मी भरते, आत्याबाई," म्हाळसा म्हणाली.

"तू टोपली धर."

"तुमचा हात दुखतो."

"तुला हाताने येऊन सांगितलं का?"

त्या दिवशी गोजराने कोनाड्यातला चेंडू काढला. वीस वर्षांत तिने असा चेंडू स्वतःसाठी हातात घेतला नव्हता. त्यातले जादा राळे काढून टाकले, मोजून एक वाटी ठेवले, शिवण घातली, आणि पदराखाली हात घेऊन दाबू लागली. माघाला दोन महिने होते. दोन महिन्यांत पोरीचा हात लोखंडाचा करणारी बाई ती. स्वतःचा होणार नाही, असं तिच्या मनात आलं नाही. पहिले चार दिवस बरे गेले. बोटं मोकळी वाटली, सकाळी मूठ आपली आपण उघडली. वैद्याला विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं की एवढंच कर, हळू कर.

पाचव्या दिवशी सोमवार होता. गोजरा ओंकारेश्वराला गेली. म्हाळसाने दाराला कडी लावली, कोनाड्यातून चेंडू घेतला, उसवला, एक चिमूट राळे आत घातले आणि शिवून टाकला. मग तो जागच्या जागी ठेवला.

संध्याकाळी गोजराने चेंडू दाबला आणि तिला वाटलं, हात खचला. तिने पाचशेचे आठशे केले. पुढच्या सोमवारी दुसरी चिमूट पडली. तिने आठशेचे हजार केले. तिळाचं तेल कोमट करून चोळलं, निर्गुडीचा पाला शेकून बांधला, आणि पाला सोडला की पुन्हा चेंडू. मनगट सुजून पायाच्या घोट्यासारखं दिसू लागलं. ती पदर जास्त ओढून घेऊ लागली.

तिला संशय कसा आला नाही, असं गोष्ट ऐकणारे विचारतात. जी युक्ती आपण दुसऱ्यावर चालवतो, ती आपल्यावर चालेल असं माणसाला वाटत नाही. शिवाय म्हाळसाला त्यातलं काही ठाऊक नाही, हे तिने अकरा वर्षं गृहीत धरलं होतं. तिने स्वतःच्या हातावर अविश्वास दाखवला, सुनेवर दाखवला नाही. सुनेला तेवढी अक्कल असेल, हे मानायला ती तयार नव्हती.

एकदा म्हाळसा चुलीपुढून म्हणाली, "काल बऱ्या दाबत होता, आत्याबाई."

गोजराने मान खाली घातली. ती दाब मोजू लागली. कुणी तरी काही बोललं आणि गोजराने उत्तर दिलं नाही, असं त्या घरात पहिल्यांदा झालं.

सहाव्या सोमवारी चेंडू उसवताना म्हाळसाचा हात थांबला. आदल्या दिवशी तिने सासूला भाकरी मोडताना पाहिलं होतं. भाकरी अंगठ्यातून निसटून ताटाबाहेर पडली होती, आणि गोजराने ती डाव्या हाताने उचलून, जणू तसंच करायचं होतं अशी, खाल्ली होती. म्हाळसा सुई धरून बसून राहिली. मग तिला बापाचं पागोटं आठवलं, आणि त्या दिवशी तिने दोन चिमटी घातल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दोघी सदाशिव पेठेत गेल्या. गोजरा पुढे, म्हाळसा टोपली घेऊन मागे. ओसरीवर सतरंजी घातली होती. नवऱ्या मुलाची आत्याही चुडा पाहायला आलेली. नवरी नऊ वर्षांची, दुर्गी नावाची, आणि डोळे रडून सुजलेले. आप्पासाहेबांच्या पत्नीला सारा वाडा बाईसाहेब म्हणायचा. त्या नवरीमागे बसल्या होत्या. मंदाकिनी खांबाशी उभी होती.

गोजराने टोपलीतला मऊ चेंडू नवरीच्या डाव्या हातात दिला.

"दाबा, ताई. सोडा. दाबा."

पहिली बांगडी गेली, दुसरी गेली. तिसरीला गोजराच्या कपाळावर घाम आला. म्हाळसाने तो पाहिला. चौथी बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी आली आणि थांबली. इथे एक दाब लागतो, आणि तो किती लागतो हे अंगठाच सांगतो. गोजराचा अंगठा काहीच सांगेना. त्याच्या जागी लाकूड बसवलं असतं तरी तिला तेवढंच कळलं असतं. तिने अंदाजाने दाबलं. काच कट्कन गेली. अर्धी बांगडी सतरंजीवर पडली, अर्धी पोरीच्या हातात रुतली, आणि पिवळ्या अष्टपुत्री लुगड्यावर रक्ताचे दोन थेंब पडले.

बांगडी फुटली असं सवाशिणींत कुणी म्हणत नाहीत, आणि नवरीच्या चुड्यात तर नाहीच. सगळ्यांच्या नजरा मुलाच्या आत्याकडे गेल्या.

"वाढली एक," बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या. "वाढू दे. जास्तीची होती." मग पुढे वाकून त्यांनी नवरीच्या हातावर हळद दाबली, आणि गोजराला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "हात म्हातारा झाला हे मला येऊन सांगायचं होतंस. माझ्या लेकीच्या मनगटावर लिहायची गरज नव्हती."

"चुकून झालं, बाईसाहेब. एक वेळ..."

"सून आहे ना तुझी बरोबर? मग ऊठ."

गोजरा उठली. उठताना उजव्या हातावर भार दिला आणि तो मुडपला, तेव्हा तिने डाव्याने सतरंजी धरली. खांबाशी उभी असलेली मंदाकिनी तिच्याकडे बघत होती.

"चेंडू देऊ का, गोजराबाई?" ती म्हणाली. "बरं वाटतं."

म्हाळसाने टोपली सासूच्या हातात दिली आणि नवरीपुढे बसली. तिने काच काढली, रक्त पुसलं, आणि दोन्ही हात भरले. पोर एकदाही कळवळली नाही. भरून झाल्यावर बाईसाहेबांनी खूण केली तशी दुर्गी उठली, हिरवे हात जोडून म्हाळसापुढे वाकली, आणि म्हाळसाने खण-नारळ ओटीत घेतला. गोजरा ओसरीखाली, मोलकरणी बसतात तिथे, टोपली धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराने सवयीने चेंडू घेतला. मूठ त्याच्याभोवती मिटेचना. तिने तो डाव्या हातात घेतला, दाबला, पुन्हा दाबला. डावा हात चांगला होता. चांगल्या हातालाही तो दाबेना. मग तिने चेंडू गुडघ्यांत धरला, शिवणीला दात लावले आणि ओढलं. राळे घरभर उडाले. उरलेले तिने वाटीने मोजले. एक वाटी भरली. तरी वर मूठभर उरले.

म्हाळसा दारात उभी होती.

गोजराने फाटलेलं कापड डोळ्यांजवळ नेलं. "टाका तुझा."

"हो."

"बारीक आहे. माझा एवढा बारीक कधी आला नाही." तिने कापड मांडीवर ठेवलं. "किती सोमवार?"

"नऊ."

"हात तसाही जाणारच होता."

"जाणार होता. सावकाश गेला असता. अजून चार-पाच वर्षं पोरीबाळींचे हात भरले असते तुम्ही." म्हाळसा खाली बसून राळे सुपात गोळा करू लागली. "उद्या वरातीनंतर व्याह्यांकडच्या बायका भरायच्या आहेत. बोलावणं आलंय. टोपली तुम्ही घ्या. मागनं चला."

"नाही घेतली तर?"

"तर घरात बसून हे निवडा. खडे असतील त्यात."

गोजराने उठून दोन लुगडी आणि एक चोळी काढली, फडक्यात ठेवली आणि गाठ मारायला गेली. गाठ बसेना. दोन टोकं एकमेकांवर यायची आणि उजवं टोक निसटायचं. तिने तीनदा केलं. म्हाळसा हातभर अंतरावर राळे वेचत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा वेचू लागली. शेवटी गोजराने गाठोडं तसंच सुटं डाव्या काखेत मारलं आणि ओट्यावर आली.

"कुठं गं?" भैरूने विचारलं.

"वाघोलीला. भावाकडं."

"मी येऊ?"

"तुम्ही इथंच जेवा. हिचा हात चांगला चालतो."

भैरू सवयीने हसला. मग हसणं अर्ध्यावर राहिलं आणि तोंड तेवढं उघडं राहिलं. गोजरा ओटा उतरली.

सकाळची वेळ होती. तांबट आळीत ठोके पडायला लागले होते. वाटेत एका घराच्या दारातून बाईने हाक मारली, "गोजराबाई, संक्रांतीपासून हात तसेच आहेत. कधी येताय?" गोजरा थांबली नाही. तिने हनुवटीने मागे, आपल्या घराकडे खूण केली आणि पुढे गेली. काही पावलांवर काखेतलं गाठोडं घसरलं. ती वाकली, लुगडी एकेक करून उचलली, धूळ न झटकता पुन्हा काखेत मारली, आणि पूर्वेकडच्या वळणाला लागली.

भैरूला ओट्यावरून अर्धीच गल्ली दिसायची. पुढचं पाहायला उठावं लागलं असतं, आणि त्याचे गुडघे उठू देत नव्हते. म्हाळसा दारात सूप घेऊन उभी होती. तिला वळणापर्यंत सगळं दिसत होतं. गोजरा वळली, दिसेनाशी झाली, तरी म्हाळसा सूप न पाखडता तिथेच उभी होती.

"गेली का?" भैरूने खालून विचारलं.

"गेल्या," म्हाळसा म्हणाली.